पुण्यात सायन्स कॉन्फरन्सला येताय? आधी हे वाचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाषाण आणि गणेशखिंड या पट्ट्यात वर्षभर कुठे ना कुठे वैज्ञानिक परिषद चालू असते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे आपली एनसीएल, तिला लागून आयसर ही विज्ञान शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था, विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका, पाषाणलाच हवामानशास्त्राची आयआयटीएम. यातल्या कुठेही मांडव पडला की बाहेरगावचे फोन सुरू होतात. मी गेली बरीच वर्षं अशा परिषदांच्या स्थानिक समितीत नोंदणीच्या टेबलामागे बसतोय. त्याआधी त्याच टेबलासमोर उभा असायचो, नांदेडहून रात्रभर एसटीने आलेला, डोळे चोळत. दोन्ही बाजूंनी ऐकलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. हे कुठल्या एका परिषदेचं अधिकृत पत्रक नाही. तारीख, फी, हॉल यासाठी आपापल्या आयोजकांचा मेल बघायचा.

ॲब्स्ट्रॅक्ट स्वीकारल्याचा मेल आला. म्हणजे नोंदणी झाली ना?

नाही. दरवर्षी दहा-बारा जण याच समजुतीत येतात आणि मग टेबलापाशी रडकुंडीला येतात. ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे तुमच्या संशोधनाचा सारांश, वैज्ञानिक समिती बघते, पैसे आणि नोंदणी स्थानिक समिती बघते. या दोघांचं एकमेकांशी बोलणं होतंच असं नाही. पैसे भरल्यावर यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि पावती दोन्ही जपून ठेवा. कॉलेजच्या खात्यातून पैसे गेले असतील तर तुमचं नाव आमच्याकडे येतच नाही, फक्त कॉलेजचं येतं. त्यामुळे 'हे पैसे अमुक व्यक्तीचे' असा एक मेल लगेच टाका.

फॉर्ममध्ये नाव लिहाल तसंच प्रमाणपत्रावर छापलं जातं. मोबाइलवर घाईत फॉर्म भरून 'सुनिता मॅडम' एवढंच नाव दिलेल्या एक बाई होत्या. प्रमाणपत्रावर तेच आलं. दुरुस्त करून पोस्टाने पाठवेपर्यंत त्यांचा बढतीचा प्रस्ताव पुढच्या वर्षावर गेला.

फी परवडत नाही. सवलत मागितली तर चालते का?

चालते, आणि मागावीच. विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर असतो, त्याला विभागप्रमुखांच्या सहीचं बोनाफाइड लागतं. लवकर भरणाऱ्यांना कमी फी असते. काही परिषदांत एकाच दिवसाची नोंदणी मिळते. काही ठिकाणी बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना प्रवासखर्च देतात, पण त्याची ओळ संकेतस्थळावर कुठेतरी खाली बारीक अक्षरात असते. नसेल तर आयोजकांना चार ओळींचा मेल लिहा : मी कोण, कशावर काम करतो, किती मदत लागेल. घरची परिस्थिती वगैरे लिहायची गरज नाही. समितीकडे असे मेल फार थोडे येतात, कारण बाकीचे संकोचाने लिहीतच नाहीत.

परिषद खरी आहे की नुसती दुकानदारी, हे कसं ओळखायचं?

पत्रकावर विज्ञान, वाणिज्य, योग, ग्रंथालयशास्त्र आणि व्यवस्थापन हे सगळं एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये दिसलं तर पुढचं वाचू नका. ॲब्स्ट्रॅक्ट पाठवल्यावर दोन तासांत 'अभिनंदन' आलं तर ते कुणी वाचलेलं नाही. 'न येताही प्रमाणपत्र मिळेल' म्हणणारा तुम्हाला काय विकतोय ते उघड आहे. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा 'केअर लिस्टेड जर्नलमध्ये छापून देऊ' हे आमिषही आता शिळं झालंय. समितीतली चार नावं त्यांच्या संस्थांच्या संकेतस्थळांवर शोधा, एकाला थेट मेल करून विचारा. आपलं नाव परस्पर छापलंय हे त्यांनाच माहीत नसतं, असंही मी पाहिलंय.

कॉलेजकडून ऑन ड्युटी रजा आणि टीए-डीए मिळवायला काय काय लागतं?

जाण्याआधी : निमंत्रण किंवा स्वीकृतीचं पत्र, प्राचार्यांची लेखी परवानगी. आल्यावर : उपस्थितीचं प्रमाणपत्र, फीची पावती, तिकिटं. 'सादरीकरणाचं' आणि 'उपस्थितीचं' अशी दोन वेगळी प्रमाणपत्रं असतात. ऑफिसला कुठलं हवं ते आधी विचारून घ्या, आम्ही दोन्ही देतो. निघायच्या तारखेला शेवटचं सत्र संपण्याआधी गाडी असेल तर 'रिलीव्हिंग'चा कागद मागून घ्या. प्रमाणपत्रं छापलेली असतात, पण सही करणारे सर जेवायला गेलेले असतात.

केंद्र सरकारी संस्थेतून येत असाल तर विमानाचं तिकीट मनाने काढू नका. बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढायचा नियम आहे. दुसऱ्या ॲपवर चारशे रुपये वाचवले आणि पूर्ण बिल अडकलं, असे लोक भेटतात. बोर्डिंग पास टाकून देऊ नका.

आणि एसटीचं तिकीट. कंडक्टरच्या मशिनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद उष्णतेने छापलेला असतो. शर्टच्या खिशात, घामात, उन्हात तो हळूहळू पांढरा होतो. माझ्या पहिल्या परिषदेचं बिल मी तीन महिन्यांनी जमा केलं, तेव्हा पाकिटातून दोन कोरे कागद निघाले. आमच्या कॉलेजचे क्लार्क बाबा ते उजेडात धरून म्हणाले, "सर, कोऱ्या कागदाचे पैसे मी कुठल्या हेडला टाकू?" तेव्हापासून बसमध्येच तिकिटाचा फोटो काढतो आणि उतरल्यावर पहिली झेरॉक्स. बिलाला दोन्ही जोडतो.

पुण्यात नेमकं कुठे उतरायचं?

एसटीने येत असाल तर कुठून येता त्यावर आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूच्या गाड्या स्वारगेटला येतात. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, मराठवाडा, विदर्भाच्या शिवाजीनगरला. पण शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवला, आणि लोक अजूनही त्याला शिवाजीनगरच म्हणतात. जुन्या आठवणीवर विसंबून शिवाजीनगर रेल्वे स्टेशनसमोर कुणाला 'मी स्टँडवर उभा आहे' असं सांगू नका.

रेल्वेने आलात तर तिकिटावर शेवटचं स्टेशन नीट वाचा. काही गाड्या आता पुणे स्टेशनऐवजी हडपसरला संपतात आणि हडपसर ते पाषाण म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. मुंबईकरांना सांगायला नको. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावतेय, पण ती संध्याकाळी मुंबईहून निघते आणि सव्वाआठ-साडेआठला पुण्यात येते. म्हणजे आदल्या दिवशी यायला बरी, सकाळच्या उद्घाटनाला उपयोगाची नाही.

विमानतळ लोहगावला, पाषाणपासून पंधरा किलोमीटरच्या पुढे. ॲपवरची टॅक्सी बाहेर रस्त्यावर शोधू नका, ती एरोमॉल नावाच्या पार्किंगच्या इमारतीत मिळते. हा हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे धावपट्टीचे फोटो काढायचे नाहीत.

मेट्रोने संस्थेपर्यंत जाता येतं का? रिक्षावाल्याला काय सांगायचं?

अर्ध्या वाटेपर्यंत जाता येतं. स्वारगेटहून जांभळ्या मार्गिकेने थेट शिवाजीनगर. पुणे स्टेशनहून निळ्या मार्गिकेने सिव्हिल कोर्ट, तिथे खाली उतरून जांभळी पकडायची, पुढचंच स्टेशन शिवाजीनगर. तिथून पुढे बस किंवा रिक्षा.

रिक्षात बसताना संस्थेचं आद्याक्षरी नाव सांगून गप्प बसू नका. एनसीएल पाषाण रोडला, पेशीविज्ञानाची एनसीसीएस आणि रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए दोन्ही विद्यापीठाच्या आवारात. ऐकणाऱ्याला तिन्ही सारखीच वाटतात. आयआयटीएम म्हणजे इथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. चेन्नईच्या एका पाहुण्यांना ते आयआयटी मद्रासचं पुण्यातलं केंद्र वाटलं होतं, दोन दिवस वाटत राहिलं. 'पाषाण रोड, एनसीएलचं मेन गेट' किंवा 'विद्यापीठात आयुका' असं रस्त्यासकट सांगा. रस्ता सांगताना कुणी 'सिमला ऑफिसपाशी वळा' म्हणालं तर गोंधळू नका, ती हवामान खात्याची इमारत. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं तरी चौकाने सिमला सोडला नाही.

संध्याकाळी सहा ते आठ विद्यापीठ चौक टाळा. सात वाजता सत्र संपवून साडेसातची गाडी पकडण्याचा बेत इथे जमत नाही. पुणे स्टेशनसाठी पाषाणहून किमान दीड तास हातात ठेवा.

राहायची सोय वसतिगृहात केली आहे म्हणतात. सोबत काय आणू?

कुलूप, टॉवेल, पातळ चादर, मग, एक्स्टेन्शन बोर्ड. खोलीत बहुधा एकच प्लग चालू असतो आणि फोन तिघांचे असतात. गरम पाणी सकाळी ठराविक वेळच येतं, ती वेळ रात्रीच वॉचमनकाकांना विचारून झोपा. ओळखपत्राची झेरॉक्स द्यावी लागते.

परदेशातून सहकारी येत असतील तर त्यांना पर्यटक व्हिसावर येऊ देऊ नका. परिषदेसाठी वेगळा व्हिसा असतो आणि त्याला आयोजकांचं पत्र, सरकारी मंजुरी हे सगळं लागतं. दोन-तीन महिने आधी आमच्याशी बोला.

थंडी कितपत असते?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, दुपारी तिशीच्या आसपास. पाषाणला झाडी आणि तलाव असल्यामुळे पेठांपेक्षा जास्त वाजते. एक स्वेटर आणाच, बाहेरपेक्षा सभागृहातल्या एसीसाठी. सूट-टायची गरज नाही. इस्त्रीचा शर्ट किंवा साधी साडी-ड्रेस आणि चालायला बरी पादत्राणं पुरतात.

पोस्टर किती मोठा करायचा?

पोस्टर म्हणजे आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून हॉलमधल्या बोर्डावर लावायचं. आयोजकांच्या मेलमध्ये माप असतं, आणि निम्मे लोक ते न वाचता येतात. बहुतेक ठिकाणी ए-झिरो उभा मागतात, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पावणेतीन फूट रुंद आणि जवळजवळ चार फूट उंच. 'उभा' या शब्दावर दोनदा बोट ठेवा. आडवा पोस्टर एक मीटर रुंदीच्या बोर्डावर लावला की तो शेजारच्याच्या निष्कर्षांवर जाऊन बसतो आणि सकाळी सकाळी भांडण.

मजकूर कमी करा. पेपर चिकटवून मोठा केला म्हणजे पोस्टर होत नाही. चार-पाच फुटांवरून, हातात चहाचा कप धरून उभ्या असलेल्या माणसाला तुमचा मुख्य आलेख कळला पाहिजे. शीर्षक वाचायला त्याने पुढे यावं लागू नये. विद्यापीठाचे, कॉलेजचे, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे आणि निधी देणाऱ्यांचे मिळून सहा लोगो वरच्या पट्टीत लावायची जी पद्धत आहे, ती माझ्या मते बंद करावी. एक पुरतो. बाकीची जागा आलेखाला द्या.

पोस्टर गावाहून छापून आणू की पुण्यात छापू? फ्लेक्स चालेल का?

गावाहून छापून आणा. पुण्यात छापून मिळतो, पण आदल्या रात्री नऊ वाजता नवख्या शहरात पीडीएफ घेऊन फिरणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. शिवाय घरून छापलेला पोस्टर चार लोकांना आधी दाखवता येतो.

फ्लेक्स चालतो, स्वस्त पडतो आणि तालुक्याच्या गावीही मिळतो. पण तो चकाकतो. हॉलमधल्या ट्यूबलाइटचा पट्टा बरोबर तुमच्या आलेखावर पडतो आणि फोटोत पांढरा डाग येतो. मॅट कागद सगळ्यात चांगला. विमानाने येणाऱ्यांनी कापडावर छापावा, घडी करून पिशवीत बसतो. नळकांड्यातून आणत असाल तर नळकांड्यावर नाव आणि फोन लिहा. बसच्या रॅकवर ते मागे घरंगळतं आणि उतरताना कुणाला आठवत नाही. शिवाजीनगरला उतरून रिकाम्या हाताने उभा राहिलोय मी. त्या बसच्या कंडक्टरने दुपारी डेपोत जमा केलं, संध्याकाळी मिळालं. तोवर माझ्या बोर्डावर ए-फोरचे आठ कागद टाचलेले होते.

छापायला देताना वर्डची किंवा पॉवरपॉइंटची फाइल देऊ नका, पीडीएफच द्या आणि फॉन्ट आत बसवलेले आहेत याची खात्री करा. देवनागरी मजकूर असेल तर युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टचं दुकानातल्या कॉम्प्युटरवर काय होईल सांगता येत नाही. खरा घात मात्र ग्रीक अक्षरं करतात. मायक्रोसाठी आपण 'म्यू' हे ग्रीक अक्षर टाकतो. ते सिम्बॉल फॉन्टमधून घेतलेलं असेल आणि दुकानदाराच्या मशिनवर फॉन्ट बदलला, तर त्याच जागी साधं इंग्रजी 'एम' उमटतं. एका मुलीच्या पोस्टरवर उंदरांना दिलेला डोस असा मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला होता, सरळ हजारपट. तिने पोस्टर लावला, दोन पावलं मागे येऊन बघितला आणि तिचा चेहरा उतरला. आम्ही काळ्या बारीक पेनने अकरा ठिकाणी त्या 'एम'ला शेपटी काढली. जवळून बघणाऱ्या एका परीक्षकांना ते कळलं. ते हसले आणि म्हणाले, "बरं झालं, मला उंदरांची काळजी वाटत होती." तेव्हा बॅगेत पेन, कात्री, दुतोंडी टेप आणि दहा-बारा टाचण्या हव्यातच. आम्ही ठेवतो, पण पहिल्या अर्ध्या तासात संपतात.

पोस्टरसमोर उभं राहून नक्की काय करायचं? लोक नुसते बघून पुढे जातात.

जातात. मीही पहिल्यांदा दीड तास तसाच उभा होतो, हाताची घडी घालून, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखा. नंतर कळलं की माझ्या हाताच्या घडीमुळेच कुणी थांबत नव्हतं.

बाजूला उभे राहा, पोस्टरच्या पुढे नको. कुणी चार सेकंद थांबलं की विचारा, "दोन मिनिटांत सांगू का?" आणि खरंच दोन मिनिटांत सांगा. सुरुवात 'प्रस्तावना' या चौकटीपासून करू नका, आलेखापासून करा. 'ही रेघ इथे वळते, ती वळायला नको होती, का वळते ते शोधतोय.' एवढ्यावर समोरचा प्रश्न विचारतो. ज्वारीच्या मुळांवर काम करणारा असो की धूमकेतूंवर, माणूस वळलेल्या रेघेशीच थांबतो.

जो प्रश्न विचारतो त्याला तुम्हीही एक विचारा. "तुमच्याकडे हे मोजायला कुठलं यंत्र आहे?" हा प्रश्न मी सुचवेन. तालुक्याच्या कॉलेजात जे यंत्र नसतं ते इथे कुणाच्या तरी प्रयोगशाळेत धूळ खात पडलेलं असतं, आणि 'पाठवा की चार नमुने' असं वाक्य पोस्टरसमोरच ऐकायला मिळतं. माझ्या पीएचडीचं तिसरं प्रकरण अशा चार नमुन्यांवर उभं आहे. तेव्हा वही जवळ ठेवा, नाव आणि मेल लगेच लिहा. 'व्हॉट्सॲप करतो' म्हणून सोडून दिलेलं विसरलं जातं. आठवड्याच्या आत आठवणीचा मेल टाका, दोन ओळींचा, पोस्टरचा फोटो जोडून. म्हणजे समोरच्याला तुम्ही कोणते ते आठवतं.

छोट्या आकारात, ए-फोरवर पोस्टरच्या दहा प्रती काढून ठेवल्यात तर उत्तम. क्यूआर कोडही चालतो, पण कागद लोक घरी नेतात.

माझं तोंडी सादरीकरण आहे. बारा मिनिटांत कसं बसवू?

बारा अधिक तीन म्हणजे बारा मिनिटं बोलणं, तीन मिनिटं प्रश्न. दहा स्लाइड खूप झाल्या. घड्याळ लावून मोठ्याने तीनदा बोलून बघा. मनातल्या मनात केलेली तालीम नेहमी कमी वेळ दाखवते.

फाइल आदल्या दिवशी नाहीतर सत्राच्या आधीच्या चहाच्या सुट्टीत हॉलच्या कॉम्प्युटरवर टाका. पेनड्राइव्हमध्ये पीडीएफची जादा प्रत असू द्या. व्हिडिओ असेल तर तो वेगळा आणून तिथे चालवून बघा, दहापैकी तीन वेळा चालत नाही. स्वतःचा लॅपटॉपच हवा असेल तर एचडीएमआयचं कनेक्टर तुमचं तुम्ही आणा. शेवटची 'थँक यू'ची फुलांची स्लाइड काढून टाका आणि तिथे निष्कर्षांची ठेवा, प्रश्नोत्तरं होईपर्यंत तीच पडद्यावर राहते.

उत्तर येत नसेल तर 'हे आम्ही तपासलेलं नाही' म्हणा आणि थांबा. त्यापुढे बोललेलं प्रत्येक वाक्य महागात पडतं.

माझं इंग्रजी बेताचं आहे. हसतील का?

हॉलमध्ये इंग्रजीच चालतं, कारण ऐकणाऱ्यांत तमिळ, बंगाली, मल्याळी सगळे असतात. त्यातल्या बहुतेकांचंही इंग्रजी बेताचंच असतं. छोटी वाक्यं बोला. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्यात कमीपणा नाही. अध्यक्ष मराठी असतील तर अडलेला शब्द ते पुरवतात. चहापाशी मात्र अर्धा हॉल मराठी निघतो. मराठीतूनच विज्ञान मांडायची हौस असेल तर १९६६ पासून काम करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेच्या वार्षिक अधिवेशनाकडे जरूर बघा. तिथली हवा वेगळी आहे.

मोठ्या शास्त्रज्ञांशी बोलायचं आहे, पण त्यांच्याभोवती गर्दी असते.

पहिल्या दिवशी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला हीच माणसं एकटी उपम्याची प्लेट घेऊन उभी असतात. तिथे जा. 'सर, सेल्फी' ने सुरुवात करू नका, त्यांच्या व्याख्यानातल्या एका गोष्टीपासून करा. पाया पडायला वाकू नका, ते अवघडतात आणि प्लेट सांडते.

जेवणाचं काय? उपवास असेल तर?

कूपन हरवू नका. शाकाहारी असतंच. जैन किंवा उपवासाचं हवं असेल तर नोंदणीच्या फॉर्ममध्ये लिहा, एकादशीच्या दिवशी दुपारी एक वाजता साबुदाणा कुठून आणायचा?

सोबत लहान बाळ आहे. येऊ की नको?

या. हिरकणी कक्षाची सोय आहे का ते आधी विचारा. नसेल तर मागणी करा, एक खोली बाजूला काढणं अवघड नसतं. आजी किंवा बाळाचे बाबा सोबत येणार असतील तर त्यांच्या पासचं आणि जेवणाचंही आधी कळवा. सादरीकरणाची वेळ बाळाच्या झोपेप्रमाणे सकाळी किंवा दुपारी बदलून मिळते. कार्यक्रम छापण्याआधी सांगितलंत तर नक्की.

दुसऱ्यांच्या स्लाइडचे फोटो काढले तर चालतात का?

विचारून. न छापलेले आकडे असतील तर वक्ता वर एका कोपऱ्यात फुली मारलेला कॅमेरा दाखवतो, तो पाळा. ग्रुपवर टाकू नका.

कुणी त्रास दिला, अंगचटीला आलं, तर कुणाला सांगायचं?

लगेच सांगा, माणूस कितीही मोठा असो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे आणि यजमान संस्थेत त्यानुसार अंतर्गत समिती असावी लागते. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नोंदणीच्या टेबलावर मागा. पोस्टर हॉल असो, जेवणाची रांग असो, वसतिगृह असो, 'हे परिषदेच्या बाहेर झालं' असं म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवू नये. पाठवलं तर समितीकडे लेखी द्या. रात्री-अपरात्री ११२.

इंटरनेट मिळेल का?

तुमच्या संस्थेत एड्युरोम (शैक्षणिक संस्थांचं सामाईक वाय-फाय) असेल आणि यजमानांकडेही असेल तर फोन आपोआप जोडला जातो. निघण्याआधी घरच्या आवारात एकदा चालवून बघा. नसेल तर किटमध्ये पासवर्डची चिठ्ठी असते. त्यावर शून्य आहे की 'ओ' हे दरवर्षी भांडणाचं कारण आहे.

अर्धा दिवस मोकळा आहे. काय बघू?

विद्यापीठाच्या आवारात असाल तर आयुका. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या त्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन आपापल्या जागी बसलेले-उभे आहेत. आत जायला परवानगी लागते, आयोजकांकडून घ्या. जवळच मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली आणि इमारतीचं नाव ठेवलं 'पुलस्त्य'. सप्तर्षींपैकी एक ऋषी, आणि पहिली दोन अक्षरं नीट वाचलीत तर देणगीदारही सापडतात. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकाला शोभेल असाच विनोद.

पूर्ण दिवस असेल तर खोडद. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ, साधारण ऐंशी किलोमीटर. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या भागात दाटीने आणि १६ तीन फाट्यांवर लांब पसरलेल्या. जवळ गेल्यावर कळतं की तबकडी पत्र्याची नाहीच, बारीक तारांची जाळी आहे. लांब लहरींना जाळी पुरते आणि वारा आरपार निघून जातो. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी पैशात एवढी मोठी दुर्बीण बांधली त्यात या जाळीचा मोठा वाटा आहे. आधी परवानगी घ्या आणि फाटकाशी फोन खरोखर बंद करा, सायलेंट नव्हे. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की तुमच्या खिशातला फोन त्याच्यापुढे बोंब मारल्यासारखा वाजतो.

तेवढा वेळ नसेल तर शिवाजीनगरचं पाताळेश्वर. भर रस्त्याला लागून, एकाच खडकात कोरलेलं, आत गार.

पोस्टर परत न्यायचा की तिथेच सोडायचा?

न्या. सत्र संपल्यावर तासाभरात आम्ही बोर्ड मोकळे करतो, दुसऱ्या दिवशीच्या लोकांना जागा लागते. राहिलेले पोस्टर दोन दिवस नोंदणीच्या टेबलाखाली ठेवतो, नळकांडी आठवडाभर. त्यानंतर फोन करू नका. कागदाचे रद्दीत जातात, कापडाचे कुणीतरी उचलतं आणि फ्लेक्सचे आमच्या सायकल स्टँडचे काका मागून नेतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या खुर्चीवरचा आडोसा एका दुष्काळ-सहनशील ज्वारीच्या पोस्टरचा होता, मजकूर वरच्या बाजूला. सप्टेंबरपर्यंत एक थेंब आत आला नाही म्हणतात.